थंब मशीनच्या एएमसीत (वर्षाच्या देखभालीच्या करारात) अपडेट पण लिहून घ्या

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

लातूरात आता क्लास म्हणू नका, होस्टेल म्हणू नका, अभ्यासिका म्हणू नका, जिथं तिथं दाराला थंब नाहीतर फेस मशीन लागायलीय. मी ह्याच मशिनी बसवतो, त्यामुळं धंद्याच्या विरोधात लिहायलाय असं कुणाला वाटंल तर वाटू द्या. गिऱ्हाईक विचारतं काय, अंगठा किती सेकंदात घेती आणि लाईट गेल्यावर बॅकअप किती, बस्स. पण ती मशीन म्हणजे आत एक छोटा लिनक्सचा (विंडोजसारखीच एक सिस्टिम) कॉम्प्युटर असतो, त्याचं स्वतःचं वेबपेज असतं, आणि मालकाला गावाकडून मोबाईलवर हजेरी बघायची असती म्हणून राउटरमधे पोर्ट फॉरवर्ड करून ते पेज सरळ इंटरनेटवर सोडून दिलेलं असतं.

आता समजा त्या पेजवर पिंगचा रकाना आहे, नेट चालू आहे का बघायला. आयपी, म्हणजे नेटवरचा पत्ता, टाकला की मशीन आतमधे पिंगची कमांड चालवती. सॉफ्टवेअरवाल्यानं तो रकाना तपासायची सोयच केली नसंल तर आयपीच्या पुढं एक अर्धविराम (;) टाकून दुसरी कमांड लिहायची, मशीन पहिली चालवती अन लगेच दुसरी पण, आणि बऱ्याच ठिकाणी हे सगळं रूटच्या, म्हणजे मशीनमधल्या सगळ्यात वरच्या, हक्कानं चालतं. ह्याला कमांड इंजेक्शन म्हणतात. मग दार उघडा, लॉग म्हणजे ये-जा केल्याची नोंद पुसा, काही पण करा. मुलींच्या होस्टेलचं दार रात्री कितीला उघडलं तेच पुसून टाकता येतं म्हणल्यावर पालकांनी कशाच्या भरवशावर झोपायचं?

असं कुठं होतंय व्हय म्हणणाऱ्यांसाठी सांगतो. लिनिअर इमर्ज ई३ नावाच्या डोअर कंट्रोलरमधली अशीच चूक २०१९ मधे बाहेर आली, लॉगिन पण लागत नव्हतं, धोका १० पैकी १०. २०२० च्या फेब्रुवारीत हल्लेखोर हे कंट्रोलर शोधून दुसऱ्यांच्या साईट पाडायच्या कामाला जुंपायलेत हे उघड झालं. झेडकेटेको कंपनीच्या बायोमेट्रिक टर्मिनलमधे (अशाच थंब-फेस मशीनमधे) कॅस्परस्की ह्या सायबर सुरक्षेच्या कंपनीनं २०२४ ला २४ दोष दाखवले, त्यात कमांड इंजेक्शन होतंच, वरून कॅमेऱ्यासमोर खास बनवलेला क्यूआर कोड धरला तरी आत घेतलं जायचं.

परवा एका होस्टेलला गेलो, मशीन दुसऱ्या डीलरची. फर्मवेअर (मशीनच्या आतलं सॉफ्टवेअर) २०१८ चं, ॲडमिन पासवर्ड १२३४, तो पण स्टिकरवर लिहून मशीनलाच चिटकवलेला, आणि ज्या स्विचमधून मशीनला नेट दिलं त्याच स्विचवर फीचा टॅलीवाला कॉम्प्युटर, म्हणजे मशीनमधे घुसलेल्याला तिथपर्यंत पोचायची वाट मोकळी. एएमसी मात्र दरवर्षी भरायलेत! त्यात काय करतात विचारलं तर म्हणे पोरगं येऊन काच पुसून जातं.

नगरपालिका, जिल्हा परिषद, कॉलेजं टेंडर काढतात त्यात तरी हे यायला पाहिजे, कंपनी किती वर्षं अपडेट देणार, टाकणार कोण, आणि नवीन दोष निघाला तर किती दिवसात. खाजगीवाल्यांनी बिलावरच लिहून घ्यावं, डीलर कुरकुर करंल, करू द्या. मशीनचं नेट फीच्या कॉम्प्युटरपासून वेगळं ठेवा, बाहेरून बघायचंच असंल तर व्हीपीएन (फक्त आपल्याच माणसाला आत घेणारी नेटवरची बंद वाट) टाकून घ्या. आणि पोर्ट फॉरवर्ड बंद करायला माझ्यासारख्याला बोलवायची गरज नाही, नेटवाल्या पोराला फोन केला तरी पाच मिनिटात होतंय.

आपला,
एक मशीन बसवणारा, लातूर