अण्णांचा जुडगा

प्रिय सुध्या,

सप्रेम सलाम.

तुझ्या पत्राला आठ महिने झाले. शिव्या देऊन झाल्या असतील तर पुढे वाच. बायबलातला तो मिसरच्या राजाचा, फारोचा प्यालेबरदार तुरुंगातून सुटला आणि आतल्या सोबत्याला, योसेफाला चक्क दोन वर्षं विसरला. त्या मानाने मी बराच. शिवाय नाताळच्या नाटकात तो प्यालेबरदार तू झाला होतास. मला आचारी करून डोक्यावर तीन टोपल्या दिल्या आणि दुसऱ्या अंकात फासावर चढवलं. टोपल्यांतले पाव खरे होते. ते पडद्यामागे कोणी संपवले, हे मी मेरीमावशीला आजवर सांगितलेलं नाही.

तब्येत ठीक. बी.पी.ची गोळी चालू आहे, डोळ्याचं डिसेंबरात बघू म्हणालेत.

आता ज्यासाठी बसलोय ते. अण्णांकडून मंदिराच्या, म्हणजे आपल्या चर्चच्या, किल्ल्या काढून घेतल्या. आणि माझ्याकडे दिल्या.

वार्षिक सभेत झालं. चोरीमारी कोणी म्हटलं नाही, म्हणणार कोण? पण मंदिर दोनदा रात्रभर उघडं राहिलं, एकदा कोठीतला गॅस चालू राहिला. एकतीस वर्षं झाली, आता अण्णांना विश्रांती द्यावी, असा ठराव आला. हात वर झाले. माझं नाव कोणीतरी सुचवलं आणि मी गप्प बसलो. गप्प बसणं म्हणजे होच म्हणणं, हे तू मला बापूच्या वेळी जिन्यात उभं राहून ओरडून सांगितलं होतंस. तेव्हा मी तुझ्याशी तीन महिने बोललो नव्हतो. आता तुझंच वाक्य रात्री ऐकू येतं.

शनिवारी संध्याकाळी अण्णा स्वतः घरी आले. जुडगा टॉवेलात गुंडाळून आणला होता. प्रत्येक किल्लीला वेगळा दोरा: लाल कोठीची, हिरवा पेटीच्या खोलीची, पांढरा कपाटाचा. मोठ्या दाराची किल्ली दीड फेरा फिरवायची, अर्धा फेरा मागे घ्यायची आणि मग दार गुडघ्याने ढकलायचं. ते त्यांनी आमच्या बेडरूमच्या दारावर करून दाखवलं. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस गुडघा मारून. चहा घेतला नाही.

आणि आता गंमत ऐक, म्हणजे गंमत नाहीच. गुरुवारच्या बायबल अभ्यासाचं वेळापत्रक पाळकसाहेबांनी जानेवारीतच लावलेलं. या गुरुवारी पाळी माझी आणि भाग यशया २२. यशयाच्या तासाला तू कायम झोपायचास म्हणून सांगतो. यहूदाच्या हिज्कीया राजाच्या घरावर, म्हणजे राजवाड्यावर, शेबना नावाचा कारभारी आहे. यशया संदेष्टा त्याला जाऊन विचारतो, तुझं इथे काय आहे, तुझं इथे कोण आहे, की तू स्वतःसाठी उंचावर खडकात कबर खोदून घेतोस? देव तुला चेंडूसारखा गुंडाळून लांबच्या देशात भिरकावील. तुझा झगा, तुझा कमरबंद हिल्कीयाच्या मुलाला, एल्याकीमला घालीन आणि दावीदाच्या घराण्याची किल्ली त्याच्या खांद्यावर ठेवीन. तो उघडील ते कोणी बंद करणार नाही, तो बंद करील ते कोणी उघडणार नाही.

कळलं का? अण्णांनी मागच्याच वर्षी कबरस्तानात काकूंच्या शेजारी आपली पक्की कबर बांधून घेतली. काळा दगड, फाटकातून शिरताच दिसेल अशी. नाव कोरलंय, जन्मतारीख कोरलीय, पुढे आडवी रेघ आणि मोकळी जागा. पैसे स्वतःचे, मुलांना त्रास नको म्हणून. पण गुरुवारी मी 'कबर' म्हटलं की चाळीस माना वळणार. आणि 'किल्ली' म्हटलं की पुन्हा माझ्याकडे.

म्हणून आठवडाभर झोपेऐवजी हेच वाचतोय. एक सापडलं ते तुझ्या कामाचं आहे. यरुशलेमेसमोरच्या सिलवान गावात खडकात खोदलेल्या एका कबरीवरचा लेख १८७० साली क्लेर्मों-गानो या फ्रेंच माणसाला सापडला. अक्षरं इतकी खराब झालेली की नीट वाचायला १९५३ साल उजाडावं लागलं. नाहमान अविगाद या पुरातत्त्वज्ञांनी वाचलं. 'ही कबर अमुकयाहूची, जो घरावर आहे. इथे सोनं नाही, रुपं नाही, फक्त त्याची हाडं आणि त्याच्या दासीची हाडं. जो हे उघडील तो शापित.' नावाचा पुढचा भाग नेमका फुटलाय, 'याहू' तेवढं उरलंय. शेबनाचं पूर्ण रूप शेबनायाहू होऊ शकतं, म्हणून पुष्कळांना ही त्याचीच वाटते. पक्कं कोणी म्हणू शकत नाही. मला मात्र त्या मजकुराचंच जास्त लागलं. ज्याच्या हातून राजाचं सगळं सोनंनाणं जात असेल, तो दारावर लिहून ठेवतो की बाबांनो, इथे काही नाही. हिशेबनीसाशिवाय हे कोणाला सुचणार? तो दगड लंडनला ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. नीताकडे जाशील तेव्हा शोध आणि फोटो पाठव. नेहमीसारखा तुझा अंगठा मध्ये येऊ देऊ नकोस.

बरं, शेबना वाईट आणि एल्याकीम चांगला म्हणून सुटता येत नाही. लोक किल्लीपाशी थांबतात, पुढची वचनं वाचतच नाहीत. एल्याकीमला देव भक्कम जागी ठोकलेली खुंटी म्हणतो. मग त्या खुंटीवर त्याच्या बापाच्या घराण्याचं सगळं लटकतं. मुलंबाळं, शाखा, वाट्यांपासून सुरयांपर्यंत एकूण एक भांडं. आणि एक दिवस ती खुंटी निसटते, तुटून पडते, आणि तिच्यावरचं सगळं खाली!

सुध्या, मला किल्ल्या मिळून नऊ दिवस झालेत. भाच्याला साखरपुड्याला हॉल फुकट हवाय. मेव्हणा म्हणतो खुर्च्यांचं भाडं माझ्यामार्फत ठरव, बाहेर कशाला जाता. चुलतभावाला कोठीत त्याचं फ्रीज ठेवायचंय, 'दोनच महिने'. वाट्या लागल्या बघ लटकायला. शलमोन राजाकडे तरी काय होतं? त्याच्या घरावर अहीशार होता, आणि रसद पुरवायला बारा अंमलदार, प्रत्येकाचा एकेक महिना. त्या बारांत दोघे जावई! रोजचा शिधा तीस कोर (धान्याचं जुनं मोठं माप) सपीठ, साठ कोर पीठ, दहा पोसलेले बैल, वीस चरणीचे, शंभर मेंढरं. मी प्रीतिभोजनाला चाळीस किलो तांदूळ सांगितला आणि तोही कमी पडला. अण्णांनी पन्नास सांगितला असता. आणि हो, ते मला म्हणालेच, हळूच, पत्रावळी उचलताना.

ओबद्यावरून आपलं भांडण झालं होतं तेही आठवलं. इस्राएलच्या अहाब राजाच्या वाड्यावरचा कारभारी. राणी ईजबेल संदेष्टे मारत सुटली तेव्हा त्याने शंभर जण पन्नास-पन्नास करून गुहांत लपवले आणि त्यांना भाकरी-पाणी पुरवलं. तेही दुष्काळात, जेव्हा राजा स्वतः खेचरांना गवत मिळतं का म्हणून रानोमाळ हिंडत होता. तू म्हणालास, 'पगार अहाबाचा, पेन्शन देवाची.' सगळे हसले आणि मी चिडलो. अजूनही मला तो शूरच वाटतो. वाड्याबाहेर पडून ओरडणं सोपं. आत राहून रोज शंभर माणसांची भाकर इकडची तिकडे करायची, आणि संध्याकाळी त्याच अहाबासमोर उभं राहायचं. एलिया संदेष्टा भेटला तेव्हा ओबद्या थरथरतच होता, कबूल. पण थरथरत का होईना, एलियाचा निरोप त्याने अहाबाला पोचवला.

मूळ मुद्द्यावर येतो. शेबनाचं पुढे काय झालं? मला वाटायचं, गेला भिरकावला. परवा रात्री २ राजे १८ उघडलं. अश्शूरचा राजा सन्हेरीब याची फौज आलीय, त्याचा सरदार रब्शाके वरच्या तळ्याच्या नळाजवळ, परटाच्या शेताच्या वाटेवर उभा. त्याच्यासमोर यरुशलेमेतून तिघे जातात: घरावरचा एल्याकीम, चिटणीस शेबना आणि बखर ठेवणारा यवाह. तोच शेबना! निदान बहुतेक जण तोच धरतात. घर गेलं, दप्तर राहिलं. ज्याला आपला झगा चढवला त्याच्या शेजारी तो उभा आहे, आणि तिघे मिळून विनवतायत की बाबा रे, अरामी भाषेत बोल, आम्हाला कळते, तटावरच्या लोकांना ऐकू जाईल असं यहूदी बोलू नकोस. तो कसला ऐकतो! आणखी मोठ्याने, आणखी घाण बोलतो. तिघे कपडे फाडून परत येतात.

आणि मग १९व्या अध्यायात हिज्कीया एल्याकीम आणि शेबना यांना गोणपाट नेसवून पाठवतो. कोणाकडे? यशयाकडे. ज्याने चेंडूसारखा भिरकावील म्हटलं त्याच्याच दारात. वाटेत ते दोघे काय बोलले असतील? शास्त्रात एक अक्षर नाही. मी दिवा बंद करून तास-दीड तास त्या वाटेवरच होतो.

रविवारी अण्णा आले. तिसऱ्या बाकावर, नेहमीच्या. दार उघडायला मला सात मिनिटं लागली आणि ते मागे उभे राहून बघत होते. काही बोलले नाहीत. शेवटी मी वळून बघितलं तेव्हा त्यांनी फक्त आपल्या गुडघ्यावर थाप मारली.

गुरुवारी २२वा अध्यायच घेणार, टाळणार नाही. पण खुंटीपासून सुरुवात करीन, कबर शेवटी, आणि २ राजे १९वर थांबीन. अण्णांना आदल्या दिवशी घरी जाऊन सांगावं का? की तेच जास्त लागेल? तू त्यांचा लाडका, तू सांग.

तुझ्या बदलीचं काय झालं? वहिनींची शाळा सुटली का एकदाची? धाकट्याचं ऐकून आनंद झाला, पेढे पोस्टाने येत नाहीत हे कारण चालणार नाही.

आणि एक. जुडग्यात एक लहान पितळी किल्ली आहे, बिनदोऱ्याची. कुठल्याच कुलपाला लागत नाही, मी सगळी करून पाहिली. अण्णांना विचारलं तर म्हणाले, "ती सुधीरला विचार." वसतिगृहाच्या मागच्या फाटकाची म्हणावी, तर ते फाटकच पाडून वीस वर्षं झाली. मग ही कशाची? पहिल्या टपालाने कळव.

तुझा,
विनू