सॅक आधी अंगाला बसली पाहिजे

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

गिर्यारोहणाच्या साहित्याची खरेदी कशी करावी, याविषयी आपल्या पुरवणीत नुकताच आलेला लेख मी दोनदा वाचला. सॅकचे वजन, कापडाचा दर्जा, खिशांची संख्या, बुटांचे पाणी अडवण्याचे सामर्थ्य यांची तुलना लेखकाने मेहनतीने केली आहे. मात्र ती सॅक किंवा ते बूट घेणाऱ्याच्या अंगाला बसतात की नाही, हे कसे पाहावे, याविषयी त्यात एकही वाक्य नाही. नवख्यांना डोंगरात घेऊन जाण्याचे काम मी बरीच वर्षे करतो आहे. अर्ध्या वाटेवर ज्यांचे पाय किंवा खांदे जायबंदी झाले, त्यांपैकी बहुतेकांचे साहित्य उत्तम प्रतीचे, पण दुसऱ्याच कुणाच्या मापाचे होते. म्हणून हे लिहितो आहे.

मी स्वतः हीच चूक केली होती. माझी उंची पाहून विक्रेत्याने मला सर्वांत मोठ्या पाठीची ६५ लिटरची सॅक दिली आणि मीही ती रिकामीच पाठीवर टाकून, आरशात पाहून घेतली. सामान भरल्यावर तिचा कमरपट्टा कमरेच्या हाडाखाली घसरू लागला आणि सगळा भार खांद्यांवर आला. तिसऱ्या दिवशी सकाळी उजव्या हाताच्या बोटांना मुंग्या येऊन ती इतकी बधिर झाली, की मला सदऱ्याची बटणे लावता येईनात; ती सोबत्याने लावून दिली. पुढे कुणीतरी टेप लावून पाठ मोजली, तेव्हा ती जेमतेम ४६ सेंटिमीटर भरली. माझी उंची पायांत आहे, पाठीत नाही, हे मला तोवर ठाऊकच नव्हते.

हे माप घरीच घेता येते. मान पुढे झुकवली, की मानेच्या तळाशी एक हाड ठळकपणे वर येते. तो मानेचा सातवा मणका. मग दोन्ही हात कमरेच्या हाडांच्या वरच्या कडेवर असे ठेवावेत, की अंगठे पाठीमागे येतील. त्या मणक्यापासून दोन अंगठ्यांना जोडणाऱ्या रेषेपर्यंत कण्याला धरून दुसऱ्या कुणी टेप लावावा. सॅक निवडताना हा आकडा पाहावा, उंचीचा नव्हे. नंतर सॅकमध्ये दहा-बारा किलो वजन भरून, सगळे पट्टे सैल करून, पहिल्यांदा कमरपट्टा आवळावा. त्याचा मध्य कमरेच्या हाडावर आला पाहिजे. मग खांद्याचे पट्टे, त्यानंतर खांद्यावरून सॅकच्या वरच्या भागाकडे जाणारे छोटे पट्टे आणि सर्वांत शेवटी छातीचा पट्टा. अशी सॅक घेऊन पंधरा-वीस मिनिटे चालावे, शक्य असल्यास जिना चढून उतरावा. बहुतांश भार कमरेवर राहिला आणि खांद्यांवर फक्त सॅकचा तोल उरला, तर ती आपली. स्त्रियांसाठी म्हणून बनवलेल्या सॅकची पाठ साधारणतः आखूड आणि खांद्याचे पट्टे अरुंद असतात. बांधा तसा असेल, तर ती पुरुषानेही निःसंकोच घ्यावी.

बुटांच्या बाबतीत नुकसान उतारावर कळते. सपाट फरशीवर चार पावले टाकून घेतलेला बूट चढावर ठीक वाटतो. उताराला लागल्यावर पाय पुढे सरकतो, बोटे टोकावर आदळत राहतात आणि मुक्कामी मोजे काढावेत, तो अंगठ्याचे नख काळेनिळे पडलेले. पाय दिवसभरात सुजतात, म्हणून बूट संध्याकाळी आणि डोंगरात घालतो तेच मोजे चढवून पाहावेत. दोन पाय बहुधा सारखे नसतात. माप मोठ्या पायाचे धरावे. नाड्या न बांधता पाय पुढे ढकलल्यावर टाचेमागे एक बोट शिरेल एवढी जागा हवी, आणि नाड्या बांधून उतरत्या फळीवर उभे राहिल्यावर बोटे टोकाला लागता कामा नयेत. चालताना टाच उचलली जात असेल, तर फोड ठरलेलेच. बर्फासाठी क्रॅम्पॉन (बुटाच्या तळाला बांधायचे धातूचे काटे) लावायचे असल्यास बूट आणि क्रॅम्पॉन एकत्र नेऊन जुळवावेत, कारण मऊ तळाच्या बुटावर ताठ क्रॅम्पॉन नीट टिकत नाही.

स्लीपिंग बॅगवरच्या तापमानाविषयीही लेखात गफलत आहे. युरोपात २००२ मध्ये आलेल्या आणि २०१६ पासून आयएसओ २३५३७ या क्रमांकाने ओळखल्या जाणाऱ्या मानकानुसार बॅगवर तीन आकडे असतात: आरामाचा, मर्यादेचा आणि टोकाचा. लेखकाने टोकाचा आकडा वापरण्याजोगा मानला आहे. तो केवळ जीव वाचण्याचा अंदाज आहे. खरेदी आरामाच्या आकड्यावरच करावी. शिवाय ही चाचणी खाली मॅट ठेवून होते, त्यामुळे पातळ मॅटवर तोच आकडा लागू पडत नाही. इथेही मापाचा प्रश्न आहेच: फार ऐसपैस बॅगेतली रिकामी हवा अंगाच्या उबेने तापवावी लागते, आणि फार घट्ट बॅगेत आत भरलेली पिसे दबून त्यांची ऊब जाते.

हार्नेस (कमरेला आणि मांड्यांना बांधायचे पट्टे), हेल्मेट, कॅराबिनर (दोर अडकवायची धातूची कडी) आणि दोर यांवर मानकाचा शिक्का पाहणे आवश्यकच आहे. १९३२ साली स्थापन झालेला गिर्यारोहणाचा आंतरराष्ट्रीय महासंघ, म्हणजे यूआयएए, १९६० पासून अशी मानके ठरवत आला आहे. परंतु शिक्का वस्तूची ताकद सांगतो, ती आपल्याला बसते की नाही ते सांगत नाही. हार्नेसचा कमरपट्टा कमरेच्या हाडांच्या वर बसला पाहिजे आणि दोन्ही हातांनी खाली ओढला तरी हाडांवरून उतरता कामा नये. तो उतरत असेल, तर उलटे पडल्यास माणूस त्यातून निसटू शकतो, आणि तिथे दुसरी संधी नसते. ही तपासणी थंडीतले सगळे कपडे घालून करावी. जाड हातमोजे घालून बकल लावता-सोडता येते का आणि जॅकेटची टोपी हेल्मेटवरून चढते का, हेही तेव्हाच पाहावे.

आपणांस विनंती अशी, की यापुढे साहित्याची तुलना छापताना प्रत्येक सॅक किती सेंटिमीटर पाठीसाठी आहे आणि प्रत्येक बुटाचा चवडा अरुंद आहे की रुंद, हे दोन रकाने कोष्टकात अवश्य द्यावेत. विक्रेत्यांनीही दुकानात वजनाच्या दोन-चार पिशव्या आणि एक उतरती फळी ठेवावी.

आपला नम्र,
एक गिर्यारोहक वाचक