नोकरीची वर्षे आणि अर्धा बँड

संपादक महोदय,

कॅनडात कायमचे राहण्यासाठी कुशल कामगारांची निवड करणाऱ्या ‘एक्स्प्रेस एंट्री’ पद्धतीबद्दल आपल्याकडे एक समज पक्का बसला आहे: नोकरीची वर्षे जितकी जास्त, तितके गुण जास्त. प्रत्यक्षात भारतातल्या अनुभवाला तिथल्या सीआरएस गुणांकनात (उमेदवारांची क्रमवारी लावणाऱ्या गुणपद्धतीत) स्वतंत्र एकही गुण नाही. कॅनडात नोकरी केलेली नसेल, तर अनुभवाचे गुण भाषेच्या परीक्षेतूनच हाती येतात.

एकट्याने अर्ज करणारा, पदव्युत्तर पदवी आणि तीन वर्षांचा अनुभव असलेला उमेदवार घ्या. आयईएलटीएस जनरल या इंग्रजीच्या परीक्षेत लिसनिंगला ८ बँड आणि बाकी तिन्हींत ७ मिळाले, की सीएलबी (इंग्रजीची पातळी मोजणारी कॅनडाची श्रेणी) ९ गाठली. भाषेचे १२४ गुण, पदवी व भाषेचे मिळून ५०, अनुभव व भाषेचे मिळून आणखी ५०. आता फक्त रायटिंगला ६.५ आले असे धरा. भाषेचे ११६ होतात आणि दोन्ही पन्नाशी पंचविसावर येतात. अर्ध्या बँडपायी ५८ गुण गेले! एकूण बँड कितीही चांगला असो, तो कोणी पाहतच नाही.

‘अजून दोन-तीन वर्षे अनुभव घे’ हा सल्ला तर सरळ नुकसानीचा आहे. तीन वर्षांपुढे परदेशी अनुभवाचे गुण वाढत नाहीत, वयाचे मात्र तिशीपासून दरवर्षी पाच-सहा घटतात: २९ पर्यंत ११०, पस्तिशीला ७७. नोकरीच्या ऑफरचे गुणही मार्च २०२५ मध्ये रद्द झाले. तरीही ‘ऑफर लेटरवर गुण वाढवून देतो’ म्हणणाऱ्या एजंटला एक रुपयाही देऊ नये.

अडते ते अनुभवपत्रावर. आपल्याकडे त्यात हुद्दा, दोन तारखा आणि ‘पुढील वाटचालीस शुभेच्छा’ एवढेच असते. तिथे कंपनीच्या लेटरहेडवर प्रत्यक्ष कामे, आठवड्याचे तास, वार्षिक पगार व भत्ते आणि सही करणाऱ्याचे नाव-हुद्दा लागतो. कामे निवडलेल्या एनओसी कोडशी (कॅनडाच्या व्यवसाय-यादीतल्या क्रमांकाशी व वर्णनाशी) जुळली पाहिजेत. पण त्यातली वाक्ये जशीच्या तशी उतरवली तर पत्रच संशयास्पद ठरते. कॅनडाकडून अर्जाचे निमंत्रण आल्यानंतर पूर्ण अर्जाला ६० दिवसच मिळतात. तेवढ्यात जुन्या कंपनीच्या एचआरकडून असे पत्र मिळवणे फार कठीण, म्हणून नोकरी सोडतानाच ते मागून घ्यावे.

अकरावी-बारावीला गुणांसाठी फ्रेंच घेणारी आपली कितीतरी मुले पुढे ती सोडून देतात, याची फार खंत वाटते. फ्रेंचच्या चारही कौशल्यांत एनसीएलसी (फ्रेंचसाठीची तशीच श्रेणी) ७ आणि इंग्रजीत सीएलबी ५ असेल तर ५० जादा गुण, शिवाय दुसऱ्या भाषेचे १२. २०२३ पासून फ्रेंच जाणणाऱ्यांसाठी स्वतंत्र निवडफेऱ्याही होतात. त्यासाठी बोर्डाची गुणपत्रिका चालत नाही. टीईएफ कॅनडा किंवा टीसीएफ कॅनडा ही फ्रेंचची परीक्षा द्यावी लागते आणि तिचा निकाल दोनच वर्षे ग्राह्य असतो.

– एक वाचक, पुणे