बेन, तुमची ती शेवटच्या बाकावरची वही

प्रिय बेन,

बडोद्यात दांडिया बाजारातल्या तुमच्या घरी मी तुम्हाला मावशी म्हणते, पण हे पत्र शाळेतल्या बेनना आहे; गुजरातीत शिक्षिकेला बेन म्हणतात, तशा माझ्या ज्येष्ठ बेनना. तुमच्या निरोप समारंभात माझी पाळी आली, तेव्हा 'खूप शिकायला मिळालं' एवढंच पुटपुटून मी खाली बसले. घरी येईपर्यंत त्याची लाज वाटत होती.

आधीच्या शाळेत माझ्या तासाचं निरीक्षण एकदाच झालं. दहा मिनिटं कुणीतरी दारात उभं राहिलं आणि 'वर्गनियंत्रण अपुरे' असा शेरा हातात आला. म्हणून तुम्ही सहावीच्या वर्गात शेवटच्या बाकावर येऊन बसलात, तेव्हा माझा खडू दोनदा मोडला. तास संपल्यावर वही पुढे केलीत. माझ्याबद्दल त्यात अक्षर नव्हतं. बाकांचा नकाशा, आणि जे मूल बोललं त्याच्या चौकोनात टिंब. मुलं ४२, टिंबं सात चौकोनांत. खिडकीकडची अख्खी रांग कोरी!

"प्रश्न विचारून थांबत नाहीस," म्हणालात. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेनं मोजलेलं तुम्ही सांगितलंत: शिक्षक उत्तरासाठी जेमतेम सेकंदभर थांबतात, तीन सेकंद थांबले तर एरवी गप्प असणारी मुलंही बोलतात. तीन सेकंद किती लांब असतात, ते फळ्यापाशी उभं राहिल्यावरच कळतं. मी हात पाठीमागे घेऊन बोटं मोजायचे.

आणि तो अपूर्णांकांचा तास. अर्धा अधिक पाव बरोबर २/६, असं एकानं फळ्यावर लिहिलं. मी डस्टर उचललं, तुम्ही मागून मान हलवलीत. मग मी विचारलं, अर्धा किलो लीलो चेवडो (आपला बडोद्याचा ओला चिवडा) घेतला, त्यात पाव किलो घातला, तर २/६ किलो होईल? एक, दोन, तीन. खिडकीकडून एक मुलगी ओरडली, "बेन, चेवडो तो ओछो थई गयो!" म्हणजे चिवडा तर कमीच झाला! त्या रांगेतलं ते पहिलं टिंब.

१९०६मध्ये सयाजीरावांनी संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, हे आम्ही बडोदेकर मराठी लोक पाहुण्यांना हटकून ऐकवतो. सक्तीनं मूल वर्गात येतं. त्याला बोलतं करायला चेवडो लागतो.

तुमचा तास बघायला मला बोलावलंत, त्या दिवशी तो नेमका फसला. मधल्या सुट्टीत चहा घेताना "आज माझा तास पडला" असं म्हणून तुम्ही हसलात. २८ वर्षं शिकवणारी बाई असं म्हणू शकते, हे मला कुठल्याच प्रशिक्षणात कळलं नव्हतं. आणखी एक मला फार उशिरा समजलं. मुख्याध्यापकांनी 'नवी बेन कशी आहे?' विचारलं, तर तुम्ही 'वर्गात जाऊन बघा' म्हणालात. वही त्यांना कधी दाखवली नाहीत. दाखवली असती, तर मी तुमच्यापुढे चुका केल्याच नसत्या, लपवल्या असत्या.

२०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात शिक्षकानं वर्षाला ५० तास स्वतःच्या शिकण्यासाठी द्यावेत असं आहे. माझे निम्मे तुमच्या जिन्यातच भरले असतील.

जूनमध्ये विज्ञान शिकवायला एक नवा मुलगा येतोय. मी वही आणून ठेवली आहे. आधी त्याच्या वर्गात जाऊन बसू, की त्यालाच माझ्या तासाला बोलावू? रविवारी येते विचारायला.

तुमची,
सहावीची बेन