मेहुण्याच्या गुडघ्याबद्दल, बे

प्रिय मन्या,

काल फोनवर तू विचारलंस की मोडलेल्या हाडाला प्लेट टाकली म्हणजे झालं ना, आणि मी "हो रे" म्हणून ठेवून दिला. मग रात्रभर वाटत राहिलं की चुकीचं सांगितलं, म्हणून हे लांबलचक लिहितोय, चहा घेऊन बस.

आधी तुझ्या मेहुण्याचं. डॉक्टर ऑपरेशनला आठ दिवस थांबवतायत म्हणून घरचे हॉस्पिटल बदलायला निघालेत म्हणालास. मीपण तेच केलं असतं बे. डिसेंबरात होटगी रोडला कुत्रं आडवं आलं, गाडी पडली, गुडघा आत वळला, उठायला गेलो तर पाय माझा नव्हताच. मला वाटलं वाटी फुटली. एक्सरेत कळलं वाटी शाबूत आहे, नडगीचं वरचं टोक, ज्यावर मांडीचं हाड टेकतं ना, ते बाहेरच्या बाजूनं चिरलंय आणि मधे खचलंय. शाट्झकर म्हणून एका डॉक्टरनं १९७९ मध्ये या फ्रॅक्चरचे सहा प्रकार पाडलेत, माझा दोन नंबर. मावशी म्हणाली तेल लावून हाड बसवणारा माणूस आहे, तिला कसंबसं गप्प केलं.

आणि मग नुसतं थांबायचं! पाय भोपळ्यासारखा टम्म, चामडी चकचकीत. रात्री नर्स येऊन उठवायची, बोटं हलवा, सुन्न वाटतंय का, पोटरी ताणल्यावर लै दुखतंय का. मी वैतागायचो. नंतर कळलं की सुजेनं पोटरीत आतल्या आत दाब वाढला तर रक्त पोचत नाही, स्नायू मरतात, तेव्हा तासाभरात धावपळ करावी लागते. आणि सुजलेल्या चामडीवर चिरा दिला तर जखम जुळत नाही, आतल्या प्लेटपर्यंत इन्फेक्शन जातं. डॉक्टर रोज चामडी चिमटीत धरून बघायचे. नवव्या दिवशी सुरकुती पडली, म्हणाले उद्या घेऊ. तेव्हा मेहुण्याला सांग, सुरकुतीची वाट बघ.

ऑपरेशन पाठीत इंजेक्शन देऊन. कमरेखाली मेलेलं, वर सगळं ऐकू येतंय, ड्रिलचा आवाज तर थेट आपल्या गल्लीतल्या सुताराचा. खचलेला भाग त्यांनी खालून ठोकून वर उचलला, खाली जी पोकळी राहिली तिच्यात माझ्याच कमरेचं हाड भरलं (अजून गुडघ्यापेक्षा कमरच ठणकते), सांध्याच्या अगदी खाली ओळीनं स्क्रू घातले आणि बाजूला प्लेट. आपल्याकडं रस्त्याचे खड्डे वरनं डांबर ओतून बुजवतात, इथं खालनं भर घातली एवढाच फरक. स्क्रूच्या डोक्यालाही आटे असतात, ते प्लेटमध्येच घट्ट बसतात, म्हणून हाड नरम असलं तरी पकड सहजी ढिली होत नाही.

आता खरं ते सांगतो. प्लेट फक्त धरून ठेवते, हाड जुळवायचं काम शरीराचं आणि गुडघा वाकवायचं काम आपलं. पूर्वी प्लास्टरमध्ये महिनोन् महिने ठेवायचे आणि सांधा लाकूड व्हायचा, म्हणून १९५८ मध्ये स्वित्झर्लंडच्या सर्जननी एओ नावाचा गट काढला, हाड घट्ट बसवा आणि सांधा लवकर हलवा म्हणून. हे आमच्या फिजिओनं मला रडवत रडवत सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून वाकवणं सुरू, पण वजन दहा आठवडे अजिबात नाही. वाकवायचं पण टेकवायचं नाही, हे घरच्यांना पटतच नाही! एकजण येतो म्हणतो आराम कर, दुसरा म्हणतो चाल की आता. सोलापुरात गड्ड्याच्या जत्रेला सिद्धेश्वराचे नंदीध्वज निघाले, लांबनं "एकदा भक्तलिंग हर्र" ऐकू येत होतं आणि मी पलंगावर टाच घासत गुडघा वाकवतोय. डोळ्यात पाणी कशानं आलं काय की.

आज एकशेदहा डिग्री वाकतो. मांडी अजून जमत नाही, कडक भाकरी नि शेंगा चटणी टेबलावर खातोय साहेबासारखा. सांधा पुढं झिजू शकतो असंही डॉक्टर बोलले, बघू.

माझा वॉकर हुतात्मा एक्स्प्रेसनं येणाऱ्या कुणाबरोबर तरी धाडतो, नवीन घेऊ नका. फक्त खालचा डावीकडचा रबरी बूट झिजलाय, तो तेवढा बदलून घे, नाहीतर ओल्या फरशीवर घसरेल गडी.

तुझाच,
बाळ्या