सूचना : तिसऱ्या आठवड्याच्या फोटोचा विषय ‘बिनसावलीची दुपार’

पुण्यात 13 मेच्या आसपास दुपारी साधारण 12.31ला सूर्य थेट डोक्यावर येतो. उभ्या वस्तूची सावली तिच्या बुडाखालीच जाते. या आठवड्यात तेच टिपायचं आहे. गच्चीवर दहा मिनिटांचं काम, रस्त्यावर उन्हात भटकायची गरज नाही.

सरळ कडांचा डबा किंवा बाटली घ्या. निमुळता पेला नको. त्याचं तोंड रुंद असल्यामुळे बुडाभोवती सावलीचं कडं राहतं. गच्चीला पाण्यासाठी उतार असतो, वस्तू कलते आणि एका बाजूला सावली उरतेच. म्हणून खाली पाट ठेवा, कागदाच्या घड्या सारून लेव्हल करा. फोटो वरून काढायला गेलात तर तुमच्याच डोक्याची सावली पडेल. बसून, बाजूने काढा.

कॅमेरा : आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) 100, एफ/16 (लेन्सचं छिद्र बारीक), शटर 1/125 सेकंद. पांढरी फरशी असेल तर 1/250 करून पाहा. मोबाइलवर वस्तूवर बोट दाबून फोकस लॉक करा, मग उजेडाची पट्टी थोडी खाली ओढा. पांढरं एकदा जळालं (जास्त उजेडाने त्यातला तपशील गेला) की नंतर एडिटिंगमध्ये परत येत नाही.

कॅमेरा, फोन स्कूटरच्या डिकीत ठेवू नका. तापलेला फोन सावलीत, कव्हर काढून गार होऊ द्या. फ्रिजमध्ये मुळीच नाही, आत दव धरतं.

टोपी, पाणी, पायात चप्पल (फरशी भाजते!). प्रत्येकी एकच फोटो, वेळ लिहून, शनिवारी रात्री 9पर्यंत. ढग आले तर दुसऱ्या दिवशीचाही चालेल. सावलीतला फरक जेमतेम असतो.