ऑक्सिजन चेंबरच्या पॅकेजचे पैसे परत मिळण्याबाबत

नमस्कार,

माझ्या बाबांना घशाचा कॅन्सर आहे, रोज २ ग्रे (रेडिएशनच्या डोसचं माप) अशी ३५ सिटिंगची रेडिएशन चालूय आणि सोबत सिस्प्लॅटिनची केमो. तुमच्या मॅडम म्हणाल्या रेडिएशनच्या जोडीला ऑक्सिजन चेंबर घ्या, गाठ लवकर जळते, लंडनच्या डॉक्टरांनी सिद्ध केलंय, आणि अख्ख्या पॅकेजचे पैसे आधीच भरून घेतले.

लंडनचं खोटं नाहीये, राग त्याचाच येतो. गाठीच्या आत ऑक्सिजन कमी पडला की तिथल्या पेशी रेडिएशनला दाद देत नाहीत, म्हणून १९५५ च्या सुमारास लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलात डॉ. चर्चिल-डेव्हिडसन यांनी पेशंटला टाकीत झोपवून ३ ॲटमॉस्फिअर, म्हणजे नेहमीच्या हवेच्या तिप्पट दाबाने ऑक्सिजन दिला आणि टाकीत असतानाच रेडिएशन दिली. पुढे डोक्या-मानेच्या कॅन्सरमध्ये फायदा दिसलाही, पण तो सिटिंग कमी आणि डोस मोठे ठेवून, आणि काहींना फिट आल्या, चांगल्या भागालाही जास्त इजा झाली. हे तुमच्या ब्रोशरमध्ये कुठेय?

तुमच्याकडे चेनवाली फुगणारी पिशवी, दाब १.३ ॲटमॉस्फिअर, आणि आम्ही यायचो ते रेडिएशन उरकून, रिक्षाने. अहो किरण पडतात तेव्हा गाठीत ऑक्सिजन हवा ना, नंतर देऊन काय उपयोग! रेडिएशननंतर जबड्याचं हाड खराब झालं तर हायपरबॅरिक (जास्त दाबाने ऑक्सिजन) वापरतात हे माहितीय मला, पण ते हॉस्पिटलच्या पक्क्या चेंबरमध्ये, २ च्या वर दाबाने.

केमो चालू आहे का, कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारलंय का, कोणी विचारलं नाही. पहिल्याच दिवशी बाबांच्या कानात दडे बसले तर तुमच्याकडे कामाला असलेला मुलगा बाहेरून ओरडतोय, काका आवंढा गिळा, गिळा. घसा आतून सोललेला, स्वतःची थुंकी वाटीत टाकतात ते, काय गिळणार? हाताने पिशवीची खिडकी ठोकत होते तरी पिशवी उघडायला उशीर केला.

आमच्या डॉक्टरांनी ऐकल्याबरोबर बंद करायला लावलं. फोन केला तर म्हणे पॅकेज नॉन-रिफंडेबल आहे, हवं तर घरातलं दुसरं कोणी सेशन वापरा. सेल लागलाय का?

पूर्ण पैसे परत करा आणि ब्रोशरमधून कॅन्सरची ओळ काढा, दोन्हीचं उत्तर लेखी द्या. पंधरा दिवसांत आलं नाही तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवून जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. पावती आणि ब्रोशरचा फोटो जोडलाय, पैसे ज्या खात्यातून घेतले त्यातच टाका, कूपन-बिपन नको.